पहिल्या ओव्हरचा बॉलर

रविवार संध्याकाळ, पालेगाव

सीझन तोंडावर आलाय, टेनिस क्रिकेटचे टीमवाले बॉलर शोधत फिरतायत. आज बदलापूरच्या टीमचा मालक दारात आला. मी घाईने इस्त्रीचा शर्ट घातला, हिला चहा ठेवायला सांगितला. तो बसलाही नाही.

"दादा, तुमच्या गल्लीतल्या निलेशला तुम्हीच शिकवलंत ना? पहिली ओव्हर त्यालाच द्यायचीय. खांदा कसा आहे त्याचा?"

पंधरा वर्षं ती ओव्हर माझी होती. पण माझ्याबद्दल एक शब्द नाही.

"दुखतो अधूनमधून," मी म्हणालो.

का बोललो असं? जळलो, दुसरं काय. निलेशचा खांदा ठणठणीत आहे. मालक विचारात पडून निघून गेला, चहा तसाच राहिला. नंतर तो इस्त्रीचा शर्ट काढायला गेलो, तर माझाच हात वर जाईना.