न ठेवलेला लॉग

सिस्टर, परवा मंगळवारी दुपारी चार वाजता माझ्याच घराच्या तळमजल्यावर एका मुलीवर अन्याय झाला. निवृत्त होऊन कर्जतला आल्यावर खालच्या दोन खोल्या मी एका तरुणाला ऑफिससाठी भाड्याने दिल्या. तो कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहितो. मीही आयुष्यभर तेच केलं, त्यामुळे त्याच्या कामात नाक खुपसायचा हक्क करारात नसतानाही मी घेतला आहे. कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीवरून एक मुलगी त्याच्याकडे येते. तिच्या घरातली ही पहिली पगारी नोकरी. लिहिलेले तुकडे जोडून चालता प्रोग्राम तयार करायचा, याला बिल्ड म्हणतात; ते तिचं काम. सोमवारी तिने बिल्ड केलं आणि मंगळवारी सकाळी खोपोलीतल्या कारखान्याच्या फाटकावर त्याच प्रोग्रामवर चालणारं हजेरीचं यंत्र बंद पडलं. पाळीचे कामगार उन्हात उभे. बिल्ड करताना काय घडलं ते कुणालाच सांगता येईना, कारण बिल्ड करणारं टूल सगळं पडद्यावर पळवतं आणि खिडकी मिटली की विसरतं. घडलं ते फाइलमध्ये लिहून ठेव, लॉग ठेव, असं आधी बजावलं तरच ठेवतं.

"तूच काहीतरी बदललं असशील," तिचा तरुण मालक म्हणाला. एरवी ऑफिसात नेटकं बोलणारी ती मुलगी घाबरून घरच्या बोलीत बोलायला लागली. "मी नाय काय केलं, सर. पिवळ्या अक्षरात कायतरी आलं, वाचेपर्यंत वर सरकलं पन." त्याने तिच्याकडे शनिवारी दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा मागितला. नाही पटला तर सोमवारपासून येऊ नकोस.

मी खाली उतरले. "लॉग का नव्हता रे?"

"काकू, दरवेळी ठेवला तर डिस्क भरते. कधी त्यात पासवर्डही उमटतात. ज्याला हवा त्याने चालू करावा."

"पासवर्ड झाकायला शिक, जुने लॉग पुसायला शिक. बाइकसोबतच्या फोटोंनी फोन भरतो तेव्हा बरा कुरकुरत नाहीस! आणि ज्याला हवा त्याला आदल्या दिवशी ठाऊक असतं का, उद्या आपल्यावर आळ येणार म्हणून?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

तुमचा गणिताचा तास आठवतो. पानाच्या उजवीकडे कच्च्या कामाची पट्टी आखायची, हा तुमचा नियम. माझं उत्तर बरोबर आहे, पट्टी मी खोडून कोरी केली आहे, आणि तुम्ही वही उलटी धरून मला विचारता, "हे कोणासाठी साफ केलंस? मला तुझं डोकं बघायचं आहे, बाई, धुतलेला ओटा नाही." सगळा वर्ग खिदळतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं खोडरबर काढून घेतलंत आणि तुमचं शाईचं पेन दिलंत. मी तेव्हा तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. पण तुमच्या वर्गात कच्चं काम ठेवायची परवानगी मागावी लागत नसे. खोडायचं असेल तर मागावी लागे, आणि ती मिळत नसे. टूल बनवणाऱ्यांना एवढंच सांगणारं कुणी भेटलं नाही का?

म्हणून तुम्हाला विचारते: टूलने लॉग कुणी न बजावता आपणहून ठेवावा की नाही? उत्तर लेखी हवं, शनिवारी बारा वाजायच्या आत. तिच्या खुलाशाला जोडायचं आहे. तुम्ही गेल्याला कितीतरी वर्षं झाली आणि हे पत्र कुठे जाणार नाही, हे मला कळतं. आणखी एक कळतं, ते तिला सांगितलेलं नाही. लॉग असता तर कदाचित त्यात तिचीच चूक निघाली असती. तरीही तो असायला हवा होता. आज तिच्यासाठी भांडताना मी फक्त तिच्या तोंडाकडे बघून भांडते आहे, आणि ते पुरेल असं मला वाटत नाही.