साठ पावलांची वायर

मुक्काम : रूपसिंगचं अंगण, तळोद्याच्या अलीकडे नऊ किलोमीटर
गुरुवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय तौहिदभाई,

अस्सलामु अलैकुम. धाकटा मावसभाऊ अजहर याचा सलाम तुम्हाला, भाभींना आणि सर्वांत आधी खालाजानला. (सर्वांत आधी म्हणून नाव शेवटी लिहिलं, ही चूक लाल पेनाने दुरुस्त करा. निवृत्त मास्तरांना पत्र लिहायचं म्हणजे पेपर देण्यासारखंच.) भाभींचा खोकला कसा आहे? खालाजानचा गेल्या महिन्यातला ताप पुन्हा उलटला नाही ना? मोबाइलच्या काळात या शिंप्याला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुम्हाला वाटेल. तर भाईजान, गाडी चार्ज करायची पन्नास मीटरची वायर मी न विसरता आणली, पण मोबाइलची हातभर वायर घरी कोनाड्यात राहिली. मोबाइल मेला, आणि तुमचा नंबर मोबाइललाच पाठ होता, मला नव्हता. म्हणून या घरच्या रमिलाबाईंच्या नातीच्या वहीची पानं फाडून हे लिहितोय.

मूळ दुखणं तुम्हाला माहीत आहे, पण लिहायला बसलोच आहे तर पहिल्यापासून लिहितो. आमच्या लेकीच्या, अस्माच्या लग्नाचं बोलावणं अम्मीने खालाजानला फोनवर केलं. थोरल्या बहिणीला बोलवायचं ते उंबऱ्यावर जाऊन, मिठाई हातात ठेवून, असं खालाजानचं म्हणणं. माझे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत, असं अम्मीचं म्हणणं. खालाजान लग्नाला आल्या नाहीत. तेव्हापासून चार वर्षं एक म्हणते, धाकटीने आधी यावं, आणि दुसरी म्हणते, गुडघे. (जीपचं नाव काढलं तर गुडघे जास्तच दुखतात.) गेल्या महिन्यात खालाजान आजारी पडल्याचं कळलं, तेव्हा अम्मी दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन लावून हातात दिला, तर तो तिने सुनेकडे, रजियाकडे दिला आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसली. रजिया मला म्हणाली, अम्मीच्या गुडघ्यांना पुरेल अशी बुटकी गाडी आणा, मग बघते काय कारण सांगतात ते.

अशी ही जुनी इलेक्ट्रिक गाडी सुरतेच्या एका डॉक्टरांकडून आमच्या घरी आली. घरी आली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी आली. आमच्या गल्लीतून जनाजा निघतो तोसुद्धा थोडा तिरका करून, हे तुम्ही पाहिलं आहे. गाडी दिनेशच्या सायकल दुकानापुढे निंबाखाली उभी, आणि आमचा प्लग वरच्या मजल्यावर माझ्या शिलाई मशीनशेजारी. मध्ये मोजून साठ पावलं. पहिल्या दिवशी मी वायर खांद्यावर टाकून गल्लीत उभा राहिलो, तेव्हा समोरच्या रुक्मिणीबाईंनी खिडकीतून विचारलं, "अजहरभाऊ, गाडीले सलाईन लायेल शे का?" मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "मन्ही खिडकीमाईन लई जा ना. खिडकी काय कोनाले चावस?" तेव्हापासून आमची वीज आमच्या खिडकीतून निघते, रुक्मिणीबाईंच्या खिडकीतून आत शिरते, त्यांच्या देवघरावरून बाहेर पडते आणि दिनेशच्या पत्र्यावरून निंबाला वळसा घालून गाडीत उतरते. वायरमन पाहील तर नोकरी सोडेल. वायरीवर कधी गोधडी वाळते, कधी परकर. मी एकदा भीतभीत हरकत घेतली, तर रुक्मिणीबाई म्हणाल्या की ऊब येते, लवकर वाळतं. पण खरं सांगतो भाईजान, तीन आठवड्यांत एकाही घराने ही वायर आमच्या डोक्यावरून का, असं विचारलं नाही. उलट पोरांचा चेंडू लागून प्लग निघाला, तर जो कोणी जवळ असेल तो हातातलं काम टाकून बसवतो. या माणसांच्या जिवावर माझी गाडी चालते, कंपनीच्या नव्हे.

आता आजचं सांगतो. तळोद्याला खालाजानकडे जाऊ म्हटलं, की अम्मी आठवडाभर "बघू" म्हणत होती. काल म्हणाली, "चल." बातमी गल्लीत पसरायला अर्धा तासही लागला नाही. रात्रभर गाडी भरेल या हिशेबाने मी प्लग लावून निर्धास्त झोपलो. सकाळी बघतो तर गाडी नवरीसारखी उभी! अम्मी दोन वर्षांनी घराबाहेर पडणार म्हणून गल्लीने मी झोपताच रात्री गाडी धुतली होती. पुढच्या काचेच्या आत झेंडूचा हार, बाहेर लिंबू-मिरची, बोनेटवर हळदीकुंकू आणि चाकापाशी फुटलेला नारळ. (मौलवीसाहेब नेमके तिथून जात होते. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि प्रवासाची दुआ दिली. तक्रार करावी असा माणूसच आमच्या गल्लीत मिळत नाही.) दिनेश आणि मी अम्मीला खुर्चीत बसवून साठ पावलं उचलून आणलं. दोन्हीकडच्या दारांतून बायका तिच्या हातात काहीबाही देत होत्या. खालाजानसाठी रुक्मिणीबाईंनी वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या आल्या, कोणाच्या शेवया आल्या, आणि दिनेशने त्याच्या कोरीटच्या सासऱ्याच्या शेतातली लाल मिरची अर्धं पोतं मागच्या सीटवर ठेवली. गाडी कमी आणि रुखवत जास्त, अशा थाटात आम्ही निघालो.

गावाबाहेर पडलो आणि पोत्याचं तोंड सुटलं. आपल्या नंदुरबारची मिरची बंद गाडीत काय करते, हे शत्रूलाही कळू नये. अम्मीला सलग सतरा शिंका आल्या. (तिने मोजल्या. चौदाव्या शिंकेला ती म्हणाली, "आपाच मेरी याद निकाल रही." शिंक म्हणजे थोरलीची आठवण, हा अर्थ तिने आपल्या सोयीने लावला.) मी काचा उघडल्या आणि एसीही पूर्ण सोडला. तापीचा पूल ओलांडला, तेव्हा गाडी बारीक आवाजात काहीतरी सांगू लागली. किती चार्ज उरला ते बघायला गेलो, तर आकड्यावर झेंडूचा हार! हार बाजूला केला आणि खाली अंक दिसला सहा. दिनेशला फोन केला. तो बिचारा अभिमानाने म्हणाला, "पानीमा करंट उतरी जाई, म्हनीसन धुवाना आगोदर मीच वायर काढी लिधी." परत लावली का, हे मी विचारलं नाही, कारण तेवढ्यात मोबाइल गेला. थोड्या वेळाने गाडीही गेली.

रागवायचं तरी कोणावर? ज्यांनी प्लग काढला त्यांनीच अम्मीला खुर्चीतून उचललं होतं. मी रस्त्यावर कपाळाला हात लावून उभा होतो, तेव्हा कापूस वेचून परतणाऱ्या पाच-सहा बायका थांबल्या. कोण, कुठले, काही न विचारता त्यांनी साड्या खोचल्या आणि गाडी ढकलत इथे रूपसिंगच्या अंगणात आणली. अम्मीला उतरूसुद्धा दिलं नाही. रूपसिंग दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातो, अजून आठ दिवसांनी निघेल. त्याची आई रमिलाबाई घरात पिठाची छोटी गिरणी चालवते. आसपास जाड तारेचा प्लग एवढा एकच. मी संकोचून विचारलं, तर रूपसिंग म्हणाला, "लावा ना. दळण काय पळून जातं?" रमिलाबाईंनी चालू गिरणी बंद केली आणि प्लग काढून मला जागा दिली. दळणाला आलेली माणसं डबे घेऊन अंगणात बसली आहेत. कोणी कुरकुरत नाही. दिनेशची मिरची मी इथे वाटून टाकली, तेवढीच फेड. (पोतं हलकं झाल्याचा आनंद माझाच मोठा होता.)

अम्मी मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून रमिलाबाईंसोबत तुरीच्या शेंगा सोलते आहे. एक आपल्या हिंदीत बोलते, दुसरी आपल्या भिलीत, आणि दोघी हसतात. सुनांबद्दल बोलत असाव्यात. अम्मीला इतकं हसताना मी अस्माच्या लग्नानंतर पाहिलेलं नाही. भाईजान, मला आज फार भरून आलं आहे. माझ्या घराला गाडी लावायला हातभर जागा नाही, याचं मला वाईट वाटायचं. जागा असती तर मी फाटक लावून गाडी आत ओढली असती आणि यातल्या एकाही माणसाचं देणं माझ्यावर राहिलं नसतं. बाकी सारी खुशाली. संध्याकाळपर्यंत गाडी भरेल, मग आम्ही पोचूच. काळजी नसावी.

तुमचा,
अजहर

ता. क. – पत्र आणणारे जामसिंग याच रस्त्यावर जीप चालवतात. त्यांना चहा द्यावा आणि परत एकटं पाठवू नये. म्हणजे असं, की तुम्ही खालाजानला घेऊन त्यांच्याच जीपने इकडे यावं. पुढची सीट खालाजानसाठी राखायला त्यांना सांगितलं आहे. हे अंगण ना खालाजानचं, ना अम्मीचं. इथे कोणी कोणाच्या उंबऱ्यावर आधी गेलं, असं होणार नाही.

ता. क. २ – संध्याकाळी पोचू असं वर लिहिलं, ते खोडावं. आत्ता उठून पाहिलं, तर गाडीचा आकडा तासाभरापूर्वी होता तिथेच आहे आणि गिरणी घरघरते आहे. प्लग कोणी काढला, असं रमिलाबाईंना विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावून अम्मीकडे बोट दाखवलं. लोकांचं दळण अडलं होतं म्हणून काढायला लावला, असं अम्मी म्हणते. गुडघ्यांनंतर हे दुसरं कारण.

ता. क. ३ – खालाजान जागच्या हलल्या नाहीत, तर हे वाचून दाखवा. तळोदा इथून किती, असं अम्मीने जामसिंगना तीनदा विचारलं. मग मला म्हणाली, हे लिही, आणि लिहिलं का ते चष्मा लावून बघितलं: "आपा को बोल, आधे से ज्यादा रस्ता मैं आई. बाकी का वो आए." खाटेवर उजवीकडे तिने जागा ठेवली आहे, आणि मलाही तिथे बसू देत नाही.