उभ्याने चालवायची फटफटी

नंदिनी नगर (भिलाई), जि. दुर्ग, म. प्र.
२० ऑक्टोबर १९८२

व्याहीबुवा बाबारावजी डेहनकर यांच्या सेवेशी,

श्यामराव उमाठ्याचा लवून रामराम. विहीणबाई अंजनाबाईंना आमच्या अन्नपूर्णेचा नमस्कार पोचवावा आणि त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते सवडीनं कळवावं. आपली कन्या तारा इथे मजेत आहे. तिचे दोन्ही हात, दोन्ही पाय जागच्या जागी असून भूक उत्तम आहे. (हे इतकं खुलासेवार का म्हणून, कावून लिहून राहिलो, असं आपल्या मनात येईल. आपण रेल्वेत पस्तीस वर्षं गार्ड होता. मागच्या डब्यात बसून पुढे काय गडबड झाली ते ओळखायची आपल्याला सवय. म्हणून हात जोडून विनंती, की हे पत्र ओळीनं वाचावं, एकदम शेवटच्या पानावर जाऊ नये.) माझा उजवा पाय सध्या प्लास्टरमध्ये आहे, पण त्याची काळजी करू नका. तो सोडला तर घरात सगळे ठीक आहेत.

तर झालं असं, की आमच्या खाणीत दगड फोडायचं नवं यंत्र बसवायला एक परदेशी साहेब दीड वर्ष येऊन राहिला होता. उंच, अबोल, आणि हिरवी मिरची दाताखाली आली की लहान पोरासारखा रडणारा. आपले जावई कृष्णराव (घरात किसनाच, पण पत्र आपल्याला जाणार म्हणून राव लावतो) त्याच्या हाताखाली होते. दोघांचं एवढं जमलं, की जुलैमध्ये मायदेशी जाताना साहेबानं आपली फटफटी कृष्णरावांना देऊन टाकली. आता फटफटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जी दूधवाल्याची धिप्पाड गाडी उभी राहते, ती विसरा. ही उपास धरलेली फटफटी. वजन माझ्याएवढं, ऐंशी-ब्याऐंशी किलो (अन्नपूर्णेच्या मते गाडी हलकी आहे). टाकी तांब्याएवढी. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल कालवून पाजायचं, मग ती निळा धूर सोडत टिंग-टिंग-टिंग करत राहते. दिवा नाही, आरसा नाही, आणि मुख्य म्हणजे बसायला जागा नाही. सीटच्या ठिकाणी पोळपाटाएवढा गादीचा तुकडा आहे, पण त्यावर बसायचं नसतं. ही गाडी उभ्यानं चालवतात. अन्नपूर्णेनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "कावून हो, साहेबाच्या देशात लोकं बसत नाहीत काय? का सीट त्याच्या घरीच राहिली?"

साहेबानं जाण्यापूर्वी अंगणात आम्हा सगळ्यांना ती चालवून दाखवली. या गाडीनं कुठे लवकर पोचायचं नसतं. दगड, ओंडके, नाले, उभे चढ यांवरून मुंगीच्या चालीनं न्यायची, आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की एक गुण चढला. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. (शून्य मिळवणारा पहिला! मॅट्रिकच्या परीक्षेला हा नियम असता तर कृष्णराव बोर्डात आले असते.) साहेब आमच्या धुण्याच्या दगडावर गाडीसकट चढला, वर जागच्या जागी उभा राहिला, खिशातला रुमाल काढून त्यानं नाक पुसलं आणि पलीकडे उतरला. तारा स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. लग्नात आपण मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "पोरगी गरीब आहे जी, मोठ्यानं बोलत सुद्धा नाही." ते मला त्या दिवशी अगदी पटलं.

कृष्णरावांनी पाच दिवस प्रयत्न केला. पहिल्या दिवशी ते अन्नपूर्णेच्या मेथीत पडले, दुसऱ्या दिवशी उरलेल्या मेथीत, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या कुंपणात. पाचव्या दिवशी ते मुकाट्यानं आपल्या स्कूटरवर बसून ड्यूटीवर गेले आणि फटफटी पेरूच्या झाडाखाली उभी राहिली. मला तिची दया आली. मी त्रेपन्न वर्षांचा, टाइम ऑफिसचा हेड क्लार्क, माझ्या खाली सहा माणसं. मला अंगणात पडणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून मी माझ्या सुटीच्या दिवशी, दर बुधवारी, गाडी घेऊन अहिवाऱ्याच्या बाजूच्या बंद पडलेल्या खड्ड्यात जाऊ लागलो. तिथे पूर्वी चुनखडी काढत, आता नुसते पांढऱ्या दगडाचे टप्पे उरले आहेत, मोठ्या पायऱ्यांसारखे. घरी सांगायचो, देवळाच्या कमिटीची मीटिंग आहे.

व्याहीबुवा, खरं सांगतो, त्या गाडीची चाल एकदा अंगात भिनली की माणूस बिघडतो. पहिल्या गिअरमध्ये ती चालत्या माणसाच्याही मागे राहते, पण बंद पडत नाही. क्लच एका बोटानं दाबला जातो. गुडघे सैल सोडून उभं राहिलं की गाडी खालच्या खाली डोलते आणि आपण वर स्थिर असतो, होडीतल्या नावाड्यासारखे. चाकात हवा इतकी कमी ठेवतात, की टायर दगडाला पालीसारखा धरून चढतो. मूठ केसभर पिळली की पुढचं चाक आपण होऊन उचलतं. नजर मात्र जिथे जायचं तिथे ठेवायची, चाकाकडे पाहिलं की संपलं. अठ्ठावीस वर्षं मी फक्त दुसरे किती वाजता आले नि गेले हे लिहीत आलो. त्या खड्ड्यात मला वाटायचं, की आता आपणही कुठेतरी चाललो आहोत. दोन महिन्यांत मी कमरेइतक्या उंचीचे तीन टप्पे सहज चढू लागलो.

आता मुख्य हकीगत. मागच्या पंधरवड्यातल्या बुधवारी मी तिसऱ्या टप्प्यावर होतो. तिथे तोल गेला, उजवा पाय दोन दगडांच्या मधे सापडला आणि कटकन आवाज आला. उठता येईना. गाडी बाजूला निवांत उभी. मी तासभर हाका मारल्या. एका बकरीनं वरून डोकावून पाहिलं, बस. इतक्यात समोरच्या कडेवर तारा दिसली. खाली सायकल टाकून, पदर खोचून, दगड चढत वर आली. मी विचारलं, मी इथे आहे हे तुला कोणी सांगितलं? म्हणाली, "मामाजी, कमिटीच्या मीटिंगमधून कोणी चपलेला चुनखडी लावून येते काय?"

तिनं मला उचलायचा प्रयत्न केला, पण ब्याऐंशी किलो तिच्यानं कसे उचलणार? आणि तेवढ्यात भोंगा झाला. आपल्याला माहीत नसेल म्हणून सांगतो: शेजारच्या चालू खड्ड्यात दुपारी सुरुंग उडवतात. पहिला भोंगा झाला की अर्ध्या तासानं दुसरा, आणि मग स्फोट. आमचा टप्पा दगड उडायच्या हद्दीच्या आत होता. बुधवारचा सुरुंग नेहमी चारला असे, आणि मी तर साडेतीनच्या आत घरी असायचो. त्या दिवशी तो दोनला होता. (ती वेळ आदल्या दिवशी माझ्याच ऑफिसनं फळ्यावर लिहिली होती. मी स्वतःच्या ऑफिसचा फळा वाचत नाही.) डोक्याएवढे दगड उडून त्या टप्प्यावर पडलेले मी सकाळीच पाहिले होते. सुरुंगवाल्यांची झोपडी रस्त्यानं अडीच मैल. टप्पे चढून सरळ गेलं तर चारशे पावलं, पण वाट अशी की तिथे पायानं जाणाराही हात टेकेल.

मी म्हटलं, पोरी, तू पळ, माझं जे व्हायचं ते होईल. तारा पळाली नाही. तिनं पातळाचा काष्टा मारला, चपला काढल्या, फटफटी सरळ केली आणि एका लाथेत सुरू केली. मी ओरडून सूचना देऊ लागलो: क्लच सोड, मूठ जपून, डावीकडून घे! तिनं एकही ऐकली नाही, उजवीकडून घेतली. वरचा पहिला टप्पा ती चढली, तिथे थांबली. गाडी जागच्या जागी उभी, ती वर उभी, मान वळवून पुढची वाट पाहते आहे. अंगणात साहेब उभा होता तशी. मग इंजिन हळूच गुरगुरलं, पुढचं चाक कडेवर टेकलं, ती पुढे झुकली, मागचं चाक मागोमाग गेलं, आणि मला दिसला तो फक्त निळा धूर. शेवटपर्यंत तिचा पाय एकदाही खाली टेकला नाही. मी मोजत होतो. मरणाच्या दारात सुद्धा हजेरी मांडायची सवय जात नाही.

दुसरा भोंगा झालाच नाही. अर्ध्या तासानं आमचा सुरुंगवाला नत्थू चार माणसं आणि एक खाट घेऊन आला. मला पाहून म्हणाला, "का होगे बाबूजी? बहू तो हमर जीव ला कँपा दिस (म्हणजे आमच्या जिवाचा थरकाप उडवला). वर आली, लाल झंडी हातातून खेचली आणि सुरुंगाच्या वायरीसमोर बसून गेली!" मला खाटेवर घातलं तेव्हा तारा माझ्या शेजारून चालत होती. ती पदरानं डोळे पुसत होती. मी आभाळाकडे पाहत राहिलो. तिच्याकडे पाहिलं असतं तर मीही रडलो असतो.

त्या दिवशी सगळी खाण अठरा मिनिटं थांबली. ती अठरा मिनिटं माझ्या नावावर लिहिण्याचं काम माझ्याच ऑफिसातल्या देवाजीला करावं लागलं. त्यानं अक्षर फार सुरेख काढलं, असं ऐकतो. खाणीच्या मोठ्या साहेबांनी मला समज दिली आणि ताराला शाबासकी दिली, दोन्ही एकाच कागदावर.

घरी मी दोन दिवस अन्नपूर्णेच्या तोंडाकडे पाहत होतो, आता सुनेला काय म्हणते म्हणून. तिसऱ्या दिवशी मी आपणच म्हणालो, की पहिल्याच खेपेला ही पोरगी एवढं कसं चालवते, देवच जाणे. अन्नपूर्णा तांदूळ निवडत म्हणाली, "पहिली खेप? अहो, दोन महिने झाले. तुम्ही ड्यूटीवर गेले की तारा गाडी घेऊन धुण्याच्या दगडावर चढत होती, अन् मी फाटकापाशी उभी राहत होती. कोणी आलं की खोकलत होती." ड्यूटीवरून परतताना मी तो खोकला ऐकायचो, मला वाटायचं बाईला दमा झाला. मी तिच्यासाठी काढा आणला होता, तो ती निमूटपणे पीत होती.

ताराला मी विचारलं, तोल कुठे शिकलीस? तर गोंदियाला शाळेत जाताना साइडिंगच्या रुळावरून ती चालत जायची म्हणे, घरापासून फाटकापर्यंत, न उतरता. (हे आपल्याला ठाऊक नसावं. आपण तेव्हा ड्यूटीवर असाल.)

तर आपण रागावू नये. पोरगी गरीबच आहे, मोठ्यानं अजूनही बोलत नाही. सर्वांना यथायोग्य सांगावं, आणि अंजनाबाईंना हे पत्र आपण आधी एकट्यानं वाचून मगच थोडं थोडं ऐकवावं.

आपला,
श्यामराव उमाठे

ता. क. मूळ मुद्दा लिहायचा राहिला. ताराच्या पहिल्या दिवाळीसाठी आपण वसुबारसेला तिला न्यायला येणार. पण त्यानंतरच्याच रविवारी भिलाईत काही हौशी मंडळींनी अशा गाड्यांची स्पर्धा ठेवली आहे आणि तिचं नाव देऊन झालं आहे. (अर्जात 'टी. के. उमाठे' एवढंच लिहिलं. खोटं काहीच नाही.) तरी आपण रविवारपर्यंत थांबावं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं तिला घेऊन जावं.

दुसरा ता. क. लेकीच्या सासरी पाणी न घेण्याचा आपला नियम मला ठाऊक आहे. दुर्गला पद्मनाभपुरात आमचे भैय्याजी राहतात, त्यांच्याकडे आपली सोय केली आहे. ते आपले कोणीच लागत नाहीत.

तिसरा ता. क. (हे मी तारा लिहून राहिली. मामाजींनी पाकीट चिकटवायला माझ्याजवळ दिलं.) बाबा, सगळं खरं आहे, पण मामाजी ते तीन टप्पे कधीच चढले नाहीत. मी तिथे पोचली तेव्हा गाडी स्टँडवर उभी होती आणि दगडांवर गाडी ढकलत नेल्याच्या खुणा होत्या. ते तिला वर नेऊन तिच्याजवळ नुसते उभे राहत, मिशीला पीळ देत. त्या दिवशी पीळ देतानाच पाय घसरला. मी हे घरात कोणाला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. आणि रागवायचं असेल तर रविवारी या, मला एकदा चालवताना पाहा, अन् मग रागवा.