थांबण्याचा हिशोब

आबा, तुम्हाला जाऊन तप उलटलं, तरी माझा राग उतरलेला नाही. उलट मंगळवारी तो नव्याने चढला, म्हणून लिहायला बसले.

तो हिशोब मीच तुम्हाला सांगितला होता. धुळ्याच्या कॉलेजातलं शिकवणं आटोपून मी शनिवारची जळगावला आलेय, आई भाकरी थापतेय, तुम्ही भरितावर तेलाची धार धरलीय. मी सांगतेय, सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्यावर आजच्या यानाने पोचायला सत्तर-पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. तुम्ही म्हणालात, "मग निघायचंच कशाला?" मी हौसेने म्हटलं, शास्त्रज्ञही हेच विचारतात. आज निघालेल्या यानाला शंभर वर्षांनी निघालेलं वेगवान यान वाटेत मागे टाकेल, मग थांबलेलंच बरं. तुम्ही खूश. जन्मभर डाळीच्या धंद्यात माल धरून बसलेला माणूस. भाव येईपर्यंत गोदामाचं कुलूप काढायचं नाही, हीच तुमची अक्कल. "हे तर आमच्या दाणाबाजाराचंच गणित," म्हणत हात धुवायला उठलात. अहो, पुढचं अर्धं ऐकायचं तरी होतं. थांबण्यालाही हद्द असते, ती ओलांडली की थांबणाराच मागे पडतो, हे मी तुमच्या पाठीला सांगत राहिले.

वर्षभरात तुमच्या हृदयाची झडप आखडली. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून नवी बसवावी लागेल, आणि लवकर. तर तुम्ही त्यांनाच माझा तारा ऐकवलात. "आज छाती फाडता, उद्या बिनटाक्याचं निघेल. घाई कशाला? पोरगी फिजिक्स शिकवते, तिचाच हिशोब आहे." मी तिथल्या तिथे म्हणाले, "आबा, तारा आहे तिथे राहतो. तुमची झडप नाही राहणार." तुम्ही हसून डॉक्टरांना म्हणालात, "बघा, इथंही लेक्चर." आई रडली, मी भांडले, अबोला धरला. तुम्ही ढिम्म. जिना चढताना मध्येच बसायचात आणि वर आलात की विचारायचात, "निघालं का गं काही नवीन?" पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात गादीवर बसल्या बसल्या गेलात. मूर्खपणाने गेलेल्या माणसाची कीव तरी येते. तुम्ही शहाणपणाने गेलात, त्याचा मला संताप येतो.

मंगळवारी इथे धुळ्यात, कॉलेजातल्या एका बाईंच्या सासूला बघायला गेले. वयाने तुमच्याहून मोठी, आजार तुमचाच. रुग्णालयातून नुकतीच घरी आलेली, खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. "काही नही व माय, मांडीमाईन तार घाली, बठ्ठं काम व्हयी गयं." मांडीच्या शिरेतून तार घालून नवी झडप बसवलेली. पदर सारून तिने छाती दाखवली. एक टाका नाही. मी चहा अर्धा ठेवून उठले.

तुमचं यान आलं, आबा, आणि उतारूच नाही. कुणावर ओरडायचं मी? आईला हे दाखवणार नाही, ती म्हणेल आता तरी सोड. टाकायला याला पत्ताही नाही. फक्त एक कबूल करते. परतताना रिक्षात बसल्यावर, राग यायच्या आधी, मी पर्समधून फोन काढला होता. तुमचंच बरोबर निघालं, हे तुम्हाला सांगायला.