‘ठीक’च्या वरचा एक शब्द

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आमच्या खोलीत माणूस सरळ आडवा मावत नाही, तेव्हा पाय दाराबाहेर राहिले असं समजून घ्या.) तब्येत कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? आणि मुख्य म्हणजे तुमचा घसा? आवाज खणखणीत आहे ना? फोनवर लांबच्या माणसाला नीट ऐकू जातो ना? सहज विचारतोय. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे तुमची सूनबाई मजेत आहे. तिची इस्पितळातली नोकरी छान चालली आहे आणि मी घरी बसून घाबरतो.

घाबरायला या परक्या देशात भरपूर वाव आहे. आधी मी जिन्यातल्या आपोआप लागणाऱ्या दिव्याला घाबरायचो, मग पोस्टमनला. आता आठ वर्षांच्या मुलांना घाबरतो. तुम्ही म्हणाल, अख्खी शाळा एका शिट्टीवर पळवणारा तू! होतो खरा. पण इथल्या फुटबॉल क्लबात लहान मुलांसाठी कोच हवा होता, मी अर्ज केला, आणि तिथल्या मुख्य बाईंनी (मी त्यांना मनात शिट्टीबाई म्हणतो, गळ्यातली शिट्टी त्या कधीच वाजवत नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटते) तासभर शिकवून दाखवायला बोलावलं. मैदानाच्या कडेला सगळे आईबाप कॉफीचे कप घेऊन उभे. तरी बरं चाललं होतं. मग पुढचे दोन दात पडलेल्या एका चिमुरडीने तिघांना चकवून असा काही गोल मारला, मामा, की तुमचीसुद्धा एक भुवई वर गेली असती. ती धावत माझ्यापाशी आली आणि तोंड वर करून उभी राहिली. आणि मी, तुमच्या संघात, तुमच्या हाताखाली तयार झालेला माणूस, तिला म्हणालो, ठीक आहे.

तिने भोकाड पसरलं. तिची आई आली, मग आणखी कुणाची तरी आई आली. मी जीव तोडून सांगत होतो की आमच्याकडे याच्या वर कौतुकच नसतं, माझ्या मामांनी मला उभ्या जन्मात दोनदाच ‘ठीक’ म्हटलंय. ते ऐकून त्या माझ्याकडे इतक्या दयेने बघायला लागल्या की मला घाम फुटला.

शिट्टीबाईंनी मला जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू ठेवायच्या खोलीत नेलं आणि शांतपणे सांगितलं, इथे प्रत्येक मुलाचं काय चांगलं झालं ते तिथल्या तिथे, मोठ्याने आणि हसून सांगायचं असतं. आणखी एक संधी देते. ती हुकली तर माझं काय होणार हे ठरलेलंच आहे. शेजाऱ्याने गोठवलेल्या माशांच्या गोदामात माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. हातमोजेसुद्धा आणून दिलेत, ते दारामागे लटकतात. एकदा ते हातात चढले की मैदान संपलं, ही भीती रोज सकाळी चहाबरोबर घेतो.

मग कौतुकाचा सराव सुरू केला. सूनबाईला म्हणालो, तू कपडे किती सुरेख वाळत घालतेस! तिने चिमटे खाली ठेवले, माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, काय करून ठेवलंयस? दुसऱ्या खेपेला मैदानावर माझी जीभ जी सैल सुटली ती आवरेना. एकाने आपल्याच गोलात चेंडू घातला, मी ओरडलो, काय नेम आहे! त्याने खूश होऊन तिथेच आणखी एक घातला. पण त्या बोळकीने पुन्हा गोल मारला तेव्हा मी गुडघ्यावर बसलो आणि तिला सांगितलं, तू डावीकडे बघितलंस आणि उजवीकडून गेलीस, ते मला फार आवडलं. ती अशी हसली, मामा, की मलाच रडू यायला लागलं. का ते कळलं नाही.

असो. मामींना नमस्कार. घशाला जपा, गरम पाणी पीत जा.

तुमचा भाचा
(जर्सी नंबर बारा)

ता. क. काम जवळपास झालंय, पण एक अडलंय. ज्याने मला शिकवताना पाहिलंय अशा माणसाशी बाईंना बोलायचं आहे. मी तुमचा नंबर देऊन बसलो आणि मग तुमचा स्वभाव आठवला. गुरुवारी संध्याकाळी फोन येईल. मध्ये दुभाषी असेल, तुम्ही जे बोलाल ते जसंच्या तसं सांगणारी. मामा, पाया पडतो, ‘ठीक’ म्हणू नका. मामींना शेजारी बसवा. तुम्ही ठ काढलात की त्यांनी चिमटा काढावा.

ता. क. २ काय बोलायचं ते लिहूनच पाठवणार होतो, पण मग ते माझंच बोलणं झालं असतं. आपल्या पोरांनी शाळांचा चषक जिंकला, सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं, तेव्हा तुम्ही गर्दीतून वाट काढत आलात. मला वाटलं, आज बोलणार. तुम्ही म्हणालात, बुटाची नाडी सुटलीय. तर सांगायचं असं की फोन स्पीकरवर असेल आणि मी त्याच खोलीत बसलेला असेन. नोकरीचं व्हायचं ते होवो, तुम्ही माझ्याबद्दल काय बोलता ते मला एकदा ऐकायचंय. नाड्या बांधून बसेन.