बारा नंबरचं दार

अंबत्तूर, चेन्नई, १४ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. समोरच्या कामाक्षीची सोनसाखळी चोराने जिन्यात ओढून नेली. मग इमारतीच्या असोसिएशनने कॅमेरे बसवले. आमच्या मजल्यावरचा थेट आमच्या बारा नंबरच्या दारात बघतो, आणि चित्र प्रत्येकाच्या फोनवर दिसतं. दिवसभर उघडं असणारं दार आता लावून बसतो.

काल ग्रुपवर कुणी विचारलं, बारा नंबरची सून रोज अकराला एकटी कुठे जाते. ऊर्मीने बॅग भरली. संकेतने बायकोला कसंबसं पाडव्यापर्यंत थांबवलंय. गेली तर परत येईल असं वाटत नाही.

खोटं कशाला लिहू, फोनवर तिला मीही पाहत असे.

वहिनीस नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी जयवंती

सातारा, २० मार्च

चि. जयवंतीस,
अ. उ. आ.

तीस वर्षं पोलिसात काढली. साखळीचोर एकदा पळाला की सापडत नाही. कॅमेरा हवाच. वावगं काही नसेल तर लपवायचं कशाला? ऊर्मी कुठे जाते ते विचारून मला कळव.

तुझी वहिनी म्हणते, निवृत्त झालात, आता भाचेसुनेची चौकशी लावू नका. स्वतःच्या कपाटाची किल्ली मात्र ती चाळीस वर्षं मला देत नाही.

आमची आठवण ठेव.

दादा

अंबत्तूर, २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला दारात गुढी उभारली. जरीचं वस्त्र नेमकं कॅमेऱ्यावर आलं, माझ्या ध्यानातही आलं नाही. असोसिएशनचा सेक्रेटरी, सुंदर त्याचं नाव, धावत आला. काठीवर उलटा तांब्या त्याने कधी पाहिला नव्हता. मुद्दाम झाकलं म्हणाला. मी सांगितलं, सूर्यास्ताआधी गुढी हलत नसते. ऊर्मी बऱ्याच दिवसांनी उंबऱ्याशी भाजी निवडत बसली.

संध्याकाळी मीटिंगमध्ये त्याने तक्रार मांडली. कामाक्षी उठली. साखळी तिची गेलेली, म्हणून तिचं ऐकणं भाग होतं.

“चोर जिन्याने आला,” ती म्हणाली. “हिच्या घरातून नाही.”

कॅमेरा जिन्याकडे वळवला. फोनवरचं चित्र बंद. काही घडलं तरच असोसिएशनच्या दोघांच्या सहीने बघायचं.

ऊर्मीने बॅग रिकामी केली. काल अकराला निघताना दारात थांबली आणि कुठे जाते ते आपणहून मला सांगितलं. काळजीचं काही नाही. तुला एवढंच कळवते.

वहिनीला म्हणावं, किल्ली देऊ नको. लोभ असू दे.

तुझी जयवंती