नारळ फुटला, चाक फिरतच होतं

उस्मानपुरा, दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. सर्जेरावमामा,

“पोरी, चाक बंद केलं म्हंजी थांबलं, असं नसतंय.” आठ वर्षांची असताना कन्नडला तुमच्या पिठाच्या गिरणीत तुम्ही मला हे सांगितलं होतं. परवा ते आठवलं तेव्हा मी एका कारखान्याच्या अंगणात पूजेचं ताट घेऊन अनवाणी उभी होते. पण आधी वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे कागदावरच वाकते आहे.) मामींचा खोकला कसा आहे?

आमची श्रेया चिकलठाण्याला नोकरी करते तिथं विजेवरची बस बनते. त्या बसमध्ये आता एक चाक बसवलंय, रस्त्यावरचं नव्हे, पोटातलं. उतारावर ब्रेक लावला की वाया जाणारा जोर हे चाक फिरून साठवतं आणि चढावर परत देतं. मिनिटाला तीस हजार फेरे. (मी दोनदा विचारलं. तीसच.) भोवती पोलादी डबा, आतली हवा काढून घेतलेली. तुमच्या गिरणीचं चाक फिरलं की गल्लीला कळायचं; हे फिरताना शेजारच्या चहावरची सायसुद्धा हलत नाही.

खंडेनवमीला घरच्यांना बोलावणं होतं. यंत्रं सकाळीच बंद करून झेंडूच्या माळा घातलेल्या, चाचणीच्या एका चाकाच्या डब्यालाही. कचरू नावाच्या जुन्या फोरमननी मला मान दिला, “ताई, नारळ तुम्हीच फोडा.” कुठं, ते बोलले नाहीत. खाली दगड ठेवलेला होता, पण तुम्ही गिरणीत चाकाच्या बैठकीवरच फोडायचात, म्हणून मी डब्यावरच हाणला.

डब्याला म्हणे धक्का ओळखणारं यंत्र असतं. त्याला वाटलं, आतलं चाकच फुटलं. भोंगा, लाल दिवे, आणि दीडशे माणसं प्रसादाविना अंगणात. मागं दारं आपोआप बंद. मी म्हटलं, सकाळपासून बंद होतं ना? कचरू म्हणाले, “बंद हे, पण फिरतंय. त्याला अडवायला आत हवाच नाय.”

श्रेया रागावली नाही. तिनं माझ्या हातात काळ्या धाग्यांचा पुंजका ठेवला; हे चाक लोखंडाचं नाही, असल्याच धाग्यांचं गुंडाळून केलेलं. गेल्या महिन्यात त्यांनी मुद्दाम खड्ड्यात एक चाक फोडून पाहिलं, त्याचं एवढंच झालं, पिंजलेल्या कापसासारखं, तेही डब्याच्या आतच. तुमचं लोखंडी चाक फुटलं तेव्हा तुकडा पत्रा फाडून शेजारच्या आवडाबाईंच्या चुलीत जाऊन पडला होता, आणि तुमची दोन बोटं गेली होती.

दारं उघडल्यावर मी डब्यावर तळवा ठेवला. आत अजूनही हजारो फेरे, आणि हाताला फक्त थंड पोलाद. (नारळाचा ओरखडासुद्धा नव्हता.) देवळातही मी इतकी गप्प उभी राहिलेली नाही. हे चाक फुटणारच असं धरून माझ्या मुलीनं हा डबा घडवलाय. एवढी काळजी मी तिचीही केली नसेल. तेव्हा मामा, भिण्याचं काही कारण नाही.

तुमची तनुजा

ता.क. सोमवारी ती बस कन्नडचा घाट पहिल्यांदा उतरणार आहे. आत श्रेया असेल. वरचं सगळं खरं आहे, तरी तुम्ही तिला फोन करून “जाऊ नको” म्हणा. माझं ती ऐकत नाही.

ता.क. २. पहिला ता.क. खोडा. आत्ताच तिच्याशी बोलले. म्हणते, डबा किती जाड करायचा हे ठरवताना डोळ्यांपुढं आजोबांची, म्हणजे तुमची, बोटं होती. तिच्या शेजारची सीट तिनं परवानगी काढून तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय. बोटं गेली त्या दिवसापासून तुम्ही चाकाच्या कशातच बसत नाही, बाजारालाही पायी जाता. नाहीच म्हणाल, माहीत आहे. तरी विचारते, बसाल?